सोळा नंबरवर अडकलेला आवाज

आमच्या घराण्याची ओळख करून द्यायची, तर सुरुवात माझ्या सासऱ्यांपासून करावी लागते. बंदराच्या तोंडाशी असलेल्या मनोऱ्यावर उभे राहून ते दिव्याच्या उघडझापीने जहाजांशी बोलत असत, आणि त्याच नोकरीच्या जोरावर त्यांनी एक जुनी टग विकत घेतली. टग म्हणजे मोठाल्या जहाजांना ओढून-ढकलून धक्क्याला लावणारी बोट. अंगाने ठेंगणी, ताकदीने दांडगी. त्यांच्यानंतर माझे यजमान. त्यांनी त्या टगवर रेडिओ बसवला आणि समुद्रावर बोलण्याहून ऐकणे महत्त्वाचे असते, ही शिस्त घरात आणली. तिसरा माझा मुलगा. त्याने एका टगच्या तीन केल्या, त्यांच्या धुराड्यांना निळा रंग दिला, आणि तेव्हापासून बंदरात आम्हाला ‘निळे’ म्हणतात. या तिघांच्या मागून आली ती त्याची मुलगी, माझी नात. लहानपणी ती एका जागी कधी थांबत नसे, म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणू लागलो. आज ती आमच्या सर्वांत मोठ्या टगची कप्तान आहे. अरुंद गोदीत तिची टग जागच्या जागी कशी फिरते ते पाहिल्यावर नाव बदलण्याचे कारण कुणालाच दिसले नाही.

ही हकीकत तिची आहे. ती स्वतः सांगायला बसली तर दोन वाक्यांत उरकेल, म्हणून मी सांगते.

पूर्वी समुद्रावर एक नियम होता. दर तासाला आणि दर अर्ध्या तासाला, तीन मिनिटे, संकटाच्या हाकेसाठी राखलेल्या लहरीवर कुणी अवाक्षर काढायचे नाही. सर्वांनी नुसते ऐकायचे. बुडणाऱ्याचा आवाज बहुधा क्षीण असतो. त्याची बॅटरी भिजलेली असते, एरियल मोडलेली असते, आणि धडधाकट जहाजांच्या गप्पांत त्याची हाक सहज विरून जाते. तिला वाट मिळावी म्हणून ती शांतता. यजमानांनी हा नियम घरालाही लावला. स्वयंपाकघरातल्या फळीवर एक रेडिओ असे, आणि ती तीन मिनिटे आली की हातातला घास हातात राही, भांडण अर्ध्या शब्दावर थांबे. आमचे जावई प्रथम घरी आले तेव्हा सर्वजण एकाएकी गप्प झालेले पाहून बिचारे “माझं काही चुकलं का?” म्हणत रडकुंडीला आले होते. आता नवी यंत्रे आपणहून धोक्याची सूचना धाडतात, आणि समुद्रावरून तो नियम गेला. आमच्या घरातून गेला नाही, कारण मी अजून आहे.

तरीही, ज्या दिवशी त्या शांततेची आम्हाला स्वतःला गरज पडली, त्या दिवशी ती आमच्या कामी आली नाही. माझा मुलगा तेव्हा तरुण होता, लग्नाला वर्षही झाले नव्हते. एक अवजड तराफा ओढून आणताना वादळ उठले, दोर आडवा आला, आणि तराफ्यानेच टगला कलंडवले. मुलगा केबिनमध्ये कमरेइतक्या पाण्यात उभा राहून ‘मेडे, मेडे’ अशी संकटाची हाक घालत होता, आणि मी स्वयंपाकघरात, पदर तोंडाशी धरून, रेडिओची खरखर ऐकत होते. मध्ये टेकडी होती. तिने त्याचा आवाज अडवला. मला काहीच ऐकू आले नाही.

ऐकले ते तांबड्यांनी. बंदराच्या पलीकडच्या धक्क्यावर आमच्यासारखाच टगचा धंदा करणारे एक घर आहे. त्यांची धुराडी तांबडी, म्हणून ते ‘तांबडे’. आमचे आणि त्यांचे कधी पटले नाही. एकाच बंदरात दोन टगवाले म्हणजे एकाच दारावर दोन दूधवाले. पण त्या दिवशी मोठे तांबडे आपल्या टगवर एकटेच बाहेर समुद्रात होते, आणि तो क्षीण आवाज त्यांच्या कानी पडला. त्यांनी माझ्या मुलाच्या वतीने हाक दिली. ‘मेडे रिले’ म्हणतात तिला. दुसऱ्याचा आवाज पोचत नाही असे दिसले की आपल्या आवाजात त्याचे संकट सर्वांना सांगायचे. किनाऱ्यावरून उत्तर येईपर्यंत ते सांगत राहिले, आणि सांगता सांगता स्वतः आधी पोचले. माझ्या मुलाला त्यांनी कॉलर धरून बाहेर ओढले. त्यानंतरचे त्याचे सर्व आयुष्य, आणि भिंगरीचे तर अगदी पहिल्या श्वासापासूनचे, हे त्या ऐकण्याचे फळ आहे.

मी त्यांच्या घरी गेले. आयुष्यात प्रथमच तो धक्का ओलांडला.

“भावजी, तुम्ही माझं पोर परत आणलंत,” मी म्हटले.

“वहिनी, रेडिओ चालू होता. हाक आली. मी पुढे सांगितली,” ते म्हणाले. “चहा घेणार?”

“तुमचं ऋण आहे माझ्यावर.”

“ऋणबिण काही नाही. उगाच माझ्या गळ्यात मोठेपणा अडकवू नका, मला झेपत नाही. साखर किती घालू?”

मी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. त्यांच्या टगच्या पंख्यात दोर अडकला, तेव्हा न मागता आमची टग पाठवली. त्यांनी लवकरच आमच्या बंद पडलेल्या टगला ओढून आणले आणि निरोप धाडला, “बरोबरी झाली.” त्यांच्या पत्नीच्या आजारपणात मी तिच्या उशाशी बसले. ती गेल्यावर ते म्हणाले, “तुमची तिच्याशी मैत्री होती, त्यात माझ्यावर उपकार कसला, आणि मला फेड कसली?” देणे आहे हे ज्याला घ्यायचे त्यानेच नाकारले, तर देणाऱ्याने करावे तरी काय? मी कुणाचे काही ठेवून घेणारी बाई नाही. हे एक तेवढे राहिले होते, आणि आम्ही दोघेही वयाने अशा ठिकाणी पोचलो होतो, की ते कायमचे राहून जाणार, असे मला स्पष्ट दिसू लागले होते. दर सकाळी मुलाला कचेरीत शिरताना पाहिले की मनातल्या मनात त्यांचे आभार मानायचे, एवढेच माझ्या हाती होते.

तर त्या सकाळी दाट धुके उतरले.

आमची कचेरी धक्क्यावरच, वरच्या मजल्यावर आहे. खिडकीतून एरवी सारे बंदर दिसते. त्या दिवशी खिडकीखालचा दिव्याचा खांबही दिसत नव्हता. मुलगा टेबलाशी, मी रेडिओशेजारच्या माझ्या खुर्चीत. ती खुर्ची माझी आहे आणि तिच्यात दुसरे कुणी बसत नाही. भिंगरी तिची टग घेऊन गोदीच्या तोंडाशी धुके विरण्याची वाट पाहत उभी होती.

आजकालच्या रेडिओत सोळा नंबरचा चॅनेल असतो. सर्व बोटींनी तो सदैव ऐकायचा. कुणाला हाक मारायची तर त्यावर मारायची, आणि गाठ पडली की दुसऱ्या नंबरवर जाऊन बोलायचे. संकटाची हाकही तिथेच येते, म्हणून सोळावर गप्पा मारत राहणे म्हणजे दवाखान्याच्या दारात गाडी आडवी लावण्यासारखे आहे. बोलण्यासाठी हातातल्या माइकचे बटण दाबून धरावे लागते, आणि ते दाबलेले असेतोवर बोलणाऱ्याला काही ऐकू येत नाही. आता हा माइक जर कुणाच्या बुडाखाली गेला, तर काय होईल, त्याची कल्पना तुम्हीच करा.

त्या सकाळी नेमके तेच झाले. सोळा नंबरवर एकाएकी इंजिनाची धडधड ऐकू येऊ लागली, आणि तिच्यावर एक ओळखीचा, घोगरा, चिडका आवाज.

“चल गं बाई, चल. तुझं नि माझं आता असंच. रडत-खडत, पण चालायचं.”

“मोठे तांबडे!” मुलगा उठूनच उभा राहिला. “आपल्या जुन्या लाँचवर दिसतायत. आणि माइकवर बसलेत!”

बंदराच्या नियंत्रण कक्षातून ड्युटीवरच्या अधिकाऱ्याचा आवाज बारा नंबरवर, म्हणजे बंदराच्या कामकाजाच्या चॅनेलवर, आला. “सर्व बोटींना सूचना. सोळावर कुणाचं तरी बटण अडकलंय. तूर्त सर्वांनी बारावर या.” मग जरा थांबून, अधिकृत नसलेल्या सुरात, “धाकटे तांबडे, तुमच्या वडिलांना फोन करून उठायला सांगा हो.”

धाकट्या तांबड्यांचा फोन आम्हाला सोळावरच ऐकू आला. लाँचमध्ये कुठेतरी तो वाजत राहिला, आणि मोठे तांबडे म्हणाले, “वाज. वाज बापडा. पोराचा असणार. ‘बाबा, धुक्यात कशाला गेलात?’ धुकं काय मला खातंय?”

साऱ्या बंदरात हशा पिकला असणार. पुष्कळांनी सोळाचा आवाज बारीक केला आणि बारावर कामाला लागले. आमच्याकडेही तसेच झाले असते. पण एवढ्यात तांबडेभावजी इंजिनाला म्हणाले,

“त्या निळ्यांच्या तोफेला विचार! ती दर अर्ध्या तासाला घरातल्या सगळ्यांची तोंडं बंद करते. स्वतःचं सोडून.”

मुलाने बटणाकडे हात नेला. “आई, मी बारीक करतो.”

“हात काढ.”

“अगं, पण सगळं बंदर—”

“सगळं बंदर ऐकतंय, मग मीच का नको ऐकू? आवाज मोठा कर.”

आमच्या घरात ऐकणे सोडत नाहीत, हे खरे. पण मला त्या माणसाचे माझ्याविषयीचे मत शेवटपर्यंत ऐकायचे होते, म्हणजे मग मुद्देसूद उत्तर देता आले असते, हेही तितकेच खरे.

“तिचा नवरा देवमाणूस,” लाँचवरून पुढे चालूच होते. “मौन पाळायचा. बिचाऱ्याला दुसरा इलाज काय होता? … पण बाईनं पोर काय तयार केलीय! ती भिंगरी! टग वळवते, का पोळी उलथते, कळत नाही इतकं अलगद. आमचे दिवटे बसलेत फोनवर बोटं फिरवत.”

बारावर भिंगरीचा आवाज आला. “आजी, ऐकतेयस ना?”

“तोफ ऐकते आहे,” मी म्हटले.

“मीही सोळा चालू ठेवलाय. बंद नको करूस हं. आजोबा एकटे आहेत, आणि धुकं फार आहे.”

असे म्हणणारी ती एकटीच होती. बाकी सर्वांना तो एक उपद्रव वाटला; हिला वाटले, एक म्हातारा माणूस धुक्यात आहे आणि त्याचा आवाज येतो आहे, तर येऊ द्यावा.

थोडा वेळ नुसतीच धडधड ऐकू आली. मग तांबडेभावजी अर्धवट काहीतरी म्हणाले, आणि एक मोठा, बोदा आवाज झाला. लाकूड फुटल्याचा. त्यामागून भांडी पडल्यासारखा खणखणाट. इंजिन एकदा घुसमटले आणि बंद पडले.

“भावजी?” मी म्हटले. त्यांना ऐकू जाणार नव्हते हे ठाऊक असून म्हटले.

आता रेडिओतून एक नवाच आवाज येत होता. हलका, लपकन लागणारा, परत जाणारा. मला वाटले, लाटा बाहेरून आपटत असतील. पण मुलाच्या चेहऱ्याचा रंग उडाला. तो खुर्चीची पाठ घट्ट धरून उभा होता.

“आई, पाणी आत आहे,” तो म्हणाला. “केबिनमध्ये. तो आवाज मी ओळखतो.”

त्याच्याशी वाद घालण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती. त्याने बारावर माइक उचलला, आणि एकेकाळी ज्या शब्दांनी त्याला वाचवले होते तेच शब्द, ते तेव्हा उच्चारणाऱ्या माणसासाठी, आता त्याच्या तोंडून निघाले. “मेडे रिले. मेडे रिले. मेडे रिले. तांबड्यांच्या लाँचच्या वतीने. लाँच आदळली आहे, पाणी भरतंय, चालवणारा एकटा आहे आणि उत्तर देत नाही.”

“कुठे?” नियंत्रण कक्षाने विचारले.

हाच तर प्रश्न होता. संकटात सापडलेला माणूस हाक घालताना आधी आपली जागा सांगतो. हा माणूस हाक घालतच नव्हता. त्याला ठाऊकही नव्हते की आपला आवाज जगात जातो आहे. धाकटे तांबडे आपल्या टगवरून घाबऱ्या आवाजात म्हणाले, “काकू, मला न सांगता निघालेत. रडारवर लाकडी लाँच काय दिसणार? लहान ठिपके तर शंभर दिसतायत.”

“फोन कर त्यांना पुन्हा,” मी म्हटले.

फोन सोळावर वाजला. वाजत राहिला. या वेळी त्यावर कुणी काही बोलले नाही. एक कण्हणे मात्र ऐकू आले, आणि ते ऐकून मला इतके बरे वाटले, की त्याची लाज वाटावी.

“आजी,” बारा नंबरवर भिंगरी एकदम म्हणाली, “त्यांच्या फोनची रिंग आपल्याला ऐकू येतेय. म्हणजे त्यांच्या आजूबाजूला जे वाजेल ते सगळंच ऐकू येणार. मग भोंगा का नाही येणार?”

“म्हणजे काय?”

“म्हणजे आम्ही एकेकानं भोंगे वाजवायचे. ज्याचा भोंगा त्यांच्या माइकमधून ऐकू येईल, त्याच्या जवळ ते असणार. पण मी वाजवला की माझ्याच कानठळ्या बसतात, मला रेडिओ ऐकू येत नाही. तिथे बसून तू ऐक. आणि बाकीच्यांना गप्प कर. धुक्यात सगळेच भोंगे मारतायत, त्यातून काही कळायचं नाही.”

सगळ्यांना गप्प करणे! ते काम तिने योग्य माणसाकडे सोपवले होते.

मी मुलाच्या हातातून माइक घेतला. “सर्व जहाजांना आणि बोटींना निळ्यांच्या कचेरीतून सांगणे. इंजिनं थांबवता येतील त्यांनी थांबवा. भोंगे, घंटा, बोलणे, सर्व बंद. मी नाव घेईन त्यानेच वाजवायचे, एकदाच, आणि पुन्हा गप्प.”

“बाई,” नियंत्रण कक्षातला अधिकारी म्हणाला, “बंदराला आदेश मी देतो.”

“मग द्या ना. कुणी हात धरलाय तुमचा? लवकर द्या.”

त्याने दिले. शब्द न् शब्द माझेच दिले, हे त्या गृहस्थाचे मी आजही कौतुकाने सांगते. चालत्या जहाजांना त्याने जागच्या जागी थांबवले, नांगरलेल्यांना घंटा थांबवायला लावल्या. आणि बंदर शांत झाले. मी या धक्क्यावर लग्न होऊन आले तेव्हापासून अशी शांतता ऐकली नव्हती. खिडकीबाहेर पाण्याचाही आवाज नव्हता. होती ती केवळ रेडिओतली, त्या लाँचच्या पोटातल्या पाण्याची लपलप.

“भिंगरी, वाजव.”

गोदीच्या दिशेने आमचा भोंगा खिडकीतून ऐकू आला. रेडिओतून काही नाही.

“धाकटे तांबडे.”

ते बाहेरच्या बंधाऱ्यापाशी होते. खिडकीतून अस्पष्ट, रेडिओतून काही नाही. मुलाने मान हलवली.

“पायलट बोट.” काही नाही.

लपलप जाड झाली होती. पाणी चढत होते, आणि आवाजात मधूनमधून चरचर येऊ लागली होती. बॅटरी भिजली की हा एकमेव धागाही तुटणार होता.

“पूर्वेला नांगरलेलं धान्याचं जहाज.” त्या जहाजाचा कप्तान कोण, कुठला, मला ठाऊक नाही. त्याने तत्काळ वाजवला. आणि रेडिओतून, जणू शेजारच्या खोलीतून कुणी हुंकार द्यावा तसा, तो भोंगा आला.

“आला!” आम्ही मायलेक एकदमच ओरडलो.

“पूर्वेला! भिंगरी, पूर्वेला, धान्याच्या जहाजाकडे!”

“निघाले,” ती म्हणाली. “वाजवत जाते. कमी-जास्त सांग.”

धुक्यात टग पळवणे म्हणजे डोळे बांधून जिना उतरणे. पण ती गेली. एक भोंगा, मग गप्प. आणि मी सांगायची.

“येतोय, पण बारीक.”

“आता?”

“वाढला. तसाच चाल.”

“आता?”

“कमी झाला गं! वळ. समुद्राच्या बाजूला वळ.”

“आता?”

रेडिओतून आमचा भोंगा असा घुमला, की टेबलावरचे कप थरथरले. आमचाच भोंगा, सासऱ्यांनी पहिल्या टगवर बसवलेला आणि पुढे भिंगरीच्या टगवर आलेला. तो दुसऱ्याच्या केबिनमधून ऐकताना मला माझ्याच घराची हाक बाहेरून ऐकल्यासारखे वाटले. “तिथेच आहे! अगदी तिथेच! हळू!”

मग कितीतरी वेळ काहीच नाही. चरचर. पाणी. मुलगा खिडकीशी जाऊन धुक्याकडे पाठ करून उभा राहिला. आणि सोळा नंबरवर, त्या अडकलेल्या माइकमधून, साऱ्या बंदराला ऐकू जाईल असा, माझ्या नातीचा आवाज आला.

“आजोबा! अहो आजोबा, इकडे बघा. हात द्या. नाही, तो नाही, दुसरा. असा. मानेला धरा माझ्या.”

“कोण?” घोगरा आवाज.

“निळ्यांची भिंगरी.”

“अगं, बूट… माझे बूट राहिले…”

“बूट मी आणते मागाहून. उठा आधी. अहो, तुम्ही बसलायत कशावर? हा माइक—”

आणि सोळा नंबर एकदम मोकळा झाला.

सकाळपासूनची खरखर, पाणी, कण्हणे, सारे थांबले. ते थांबणे म्हणजे काय हे सर्वांना कळले, कारण त्या मोकळ्या झालेल्या चॅनेलवर थोडा वेळ कुणीच बोलले नाही. मग धान्याच्या जहाजाने, कुणी न सांगता, लांबलचक भोंगा दिला. त्यामागून पायलट बोटीने. मग बंदरातल्या प्रत्येकाने. मी त्यांना गप्प केले नाही.

मुलगा माझ्या खुर्चीपाशी खाली बसला होता आणि त्याने माझ्या गुडघ्यावर डोके टेकले होते. पन्नाशी उलटलेला माणूस. मी त्याच्या केसांतून हात फिरवत राहिले.

लाँच एका सुटलेल्या, अर्धवट बुडालेल्या लोखंडी पिंपावर आदळली होती. तांबडेभावजींचे डोके सुकाणूवर आपटले, ते घसरून बाकाच्या कोपऱ्यात पडले, आणि माइक तसाच त्यांच्याखाली दबून राहिला. ते कूस बदलते, तर बटण सुटते आणि आम्हाला काहीच कळले नसते. भिंगरीने त्यांना उचलून टगवर घेतले आणि थोड्याच वेळात लाँच गेली. बूट तिने खरेच आणले होते. एकच मिळाला.

दुपारी धुके विरल्यावर मी गोदीच्या दवाखान्यात गेले. ते उशीला टेकून बसले होते. कपाळावर पट्टी, अंगावर राखाडी ब्लँकेट, आणि चेहऱ्यावर परीक्षेत कॉपी करताना पकडलेल्या मुलाचा भाव. धाकटे तांबडे खुर्ची सोडून उठले. मी बसले.

“वहिनी,” ते म्हणाले, “पोरगा म्हणतो, सगळं ऐकू गेलं.”

“गेलं.”

“कुठपासून?”

“‘चल गं बाई’पासून. तोफेसकट.”

त्यांनी डोळे मिटून घेतले. “मला परत पाण्यात सोडून या.”

“उत्तर तयार आहे माझं,” मी म्हटले. “पण तुम्ही बरे व्हा. पडलेल्या माणसाशी मी भांडत नाही.”

ते हसले, आणि हसताना कपाळ दुखले म्हणून कळवळले. मग बराच वेळ गप्प राहिले. मीही राहिले, ते मला येते.

“शुद्ध होती मला,” अखेर ते म्हणाले. “पूर्ण नव्हती, पण होती. हलता येत नव्हतं. पाणी छातीशी आलं तेव्हा म्हटलं, संपलं. कुणाला ठाऊकच नाही मी कुठे आहे. आणि मग लांबून भोंगा आला. मग जरा जवळून. मी बंदरातला प्रत्येक भोंगा ओळखतो, वहिनी. निळ्यांचा होता. थांबायचा, परत यायचा, दर वेळी जवळ. कुणीतरी मलाच शोधतंय हे कळलं, तेव्हा…” त्यांनी ब्लँकेटची कड मुठीत धरली. “त्या दिवशी तुमच्या मुलाला माझा भोंगा असाच ऐकू आला असेल, नाही?”

“तो सांगतो, आयुष्यात त्याहून गोड काही ऐकलं नाही.”

“मला खरंच वाटायचं, मी काही केलं नाही. रेडिओ चालू होता, हाक आली, पुढे सांगितली. माझ्या बाजूनं ते एवढंच होतं. पाण्यात पडून ऐकणाऱ्याच्या बाजूनं ते केवढं असतं, हे मला आज कळलं.” त्यांनी माझ्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत प्रथमच, त्या विषयावर बोलताना, त्यांनी नजर चुकवली नाही. “देणं होतं, वहिनी. फार मोठं होतं. मी उगाच नाही म्हणत राहिलो आणि तुम्हाला ताटकळत ठेवलं. ते आज फिटलं.”

दाराशी भिंगरी येऊन उभी राहिली होती, ओल्या बाह्या वर दुमडलेल्या. तिने आमचे बोलणे ऐकले होते की नाही, कोण जाणे.

“पूर्ण फिटलं?” मी विचारले. या गोष्टीत मला मोघम काही चालणार नव्हते.

“पूर्ण. तुमच्या नातीनं फेडलं. कणभर राहिलं नाही.”

मी उठून उभी राहिले. माझ्या वयाच्या बाईने कुणासमोर वाकावे असे फारसे कुणी उरलेले नाही. मी दोन्ही हात जोडले, मान खाली घातली, आणि इतकी वर्षे त्यांनी मला ओठांबाहेर काढू न दिलेले आभार त्यांच्यासमोर मोठ्याने, पुरते मानले. त्यांनी ते घेतले.